पिओरिया आता पूर्वेला

डेव्हनपोर्ट, १२ मे १९८८

नीव्हा,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू नाक मुरडलं असतंस, म्हणून नुसतं नाव लिहिलंय. फोनवर माझा आवाज ऐकला की तू रिसीव्हर खाली ठेवतेस. पत्राचं तसं नाही, फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं.

बातमी तुलाही कळली असेलच. लीगने पूर्वेकडे दोन नव्या टीम घेतल्या, तिकडे गर्दी झाली, म्हणून पूर्वेतल्या एका टीमला पश्चिमेत ढकलायचं ठरलं. कुणीतरी शहाण्याने नकाशा उघडला, मिसिसिपीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, नदीपलीकडचे ते पश्चिमेचे. झालं! आमचे डेव्हनपोर्टचे पायलट्स पश्चिमेत आणि तुमचे पिओरियाचे कूपर्स जागच्या जागी. सत्तावीस वर्षं एका विभागात राहिलो गं आपण. दीड तासावरची दोन गावं. आणि आता आमचे शेजारी कोण, तर टूसॉन आणि सॉल्ट लेक! मी पेपर आपटून लेलंडला म्हटलं, "या लोकांना बास्केटबॉल कळतो की नुसता भूगोल?" तर माझा नवरा शांतपणे म्हणतो, "भूगोलही कळत नाही." मी हसले, पण पुढे नाश्ता काही गेला नाही.

वर्षाला सहा मॅच असायच्या आपल्या. तीन इथे, तीन तिथे. आता दोनच, एक इथे, एक तिथे. विभागातल्या टीमशी सहादा आणि लांबच्यांशी दोनदा खेळायचं, असा नियम आहे म्हणे. प्लेऑफमध्येसुद्धा गाठ पडायची तर थेट अंतिम फेरीत. दोन्ही टीमचे गुण बघता ती गाठ आपल्या हयातीत पडत नाही.

मला मॅचचं तेवढं नाही, जेवणाचं वाटतं. पाहुण्यांची बस आली की यजमानांनी चर्चच्या तळघरात त्यांना पोटभर वाढायचं आणि तासाभराने स्टेडियममध्ये त्यांच्याच नावाने घसा फोडून ओरडायचं, ही पद्धत आपल्या आईने सुरू केली. या नऊ वर्षांत तू माझ्याशी जे बोललीस ते त्या तळघरातच. हातात मोठा चमचा धरून, माझ्याकडे न बघता, "सॅलड?" मी म्हणायचे, "थोडंसं." मागच्या लोकांना वाटायचं, किती शांत बहिणी आहेत.

आता तेही वर्षातून दोनदाच.

जुनं उकरून काढायला मी हे लिहीत नाहीये. आई गेली त्या रविवारी तू पिओरियाच्या स्टेडियमवर मॅच बघत होतीस आणि मी तिथे फोन केला होता. दोनदा केला होता. तुला माइकवरून बोलवा म्हणून सांगितलं होतं. टेलिफोनवरच्या त्या म्हाताऱ्याने तुझं नाव पुकारलं नाही, त्याला मी काय करू? दफनाच्या दिवशी तू विचारलंस, मी सांगितलं, आणि त्यावर तू जी गप्प झालीस ती झालीस.

असो. लीगला द्यायच्या अर्जावर सह्या गोळा करतेय. तुमच्या चाहत्यांच्या क्लबच्याही घेऊन पाठव. निदान तेवढं तरी कर.

व्हर्ना


डेव्हनपोर्ट, ३ ऑक्टोबर १९८८

नीव्हा,

अर्जाला उत्तर आलं. अकराशे सह्या आणि उत्तर साडेतीन ओळींचं. 'चाहत्यांच्या भावनांची लीगला कदर आहे.' म्हणजे तोंडाला पानं पुसली. तुमच्याकडून आलेल्या सह्यांत तुझी सही होती, मी अक्षर लगेच ओळखलं. ते पान बघत बसले, म्हणून लीगला जरा उशिराच पाठवलं.

वेळापत्रक आलंय. १४ जानेवारीला तुम्ही इथे, ११ मार्चला आम्ही तिकडे. बाकी सगळं लांब लांब. तिकडच्या मॅच आमच्याकडच्या घड्याळाने साडेनऊला सुरू होतात. क्लबात सगळे साठीच्या पुढचे, कोण जागतंय? लेलंड राष्ट्रगीतालाच घोरायला लागतो. सकाळी उठून पेपरात निकाल बघावा तर तोही छापलेला नसतो, 'मॅच संपली नव्हती' म्हणून.

आणि पेपरातला तो गुणतक्ता! माझी नजर आधी कूपर्सवर जायची, मग आमच्यावर. तुम्ही हरलात की आमचा अर्धा गुण वर, असं मनातल्या मनात चालायचं. परवा तुम्ही सरावाची मॅच हरलात आणि मी सवयीने "बरं झालं!" म्हणून टेबलावर थाप मारली. लेलंड म्हणाला, "अगं, त्याचा आपल्याला आता काय फायदा?" खरंच, काहीच नाही. तुमचं हरणंसुद्धा माझ्या कामाचं राहिलं नाही.

क्लबात सेहेचाळीस जण होतो, एकतीस उरलोय. ज्यांना नुसत्या सहलीची हौस होती ते गेले. कुणी म्हणतं, पश्चिमेतले मोठे खेळाडू आता इथे बघायला मिळतील. शेजारची पोरगी तर आनंदाने नाचतेय. तिचं बरोबर आहे, तिला ते लोक पोस्टरवरूनच माहीत. मी मात्र कुणावर ओरडायचं तेच कळेना झालंय.

तू जानेवारीत येशील ना? एवढं कळव. कार्डावर नुसतं 'हो' लिहिलंस तरी पुरे.

व्हर्ना


डेव्हनपोर्ट, २१ नोव्हेंबर १९८८

नीव्हा,

तुझं कार्ड आलं नाही. तरी लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला वेड्यात काढतील.

परवा टूसॉनची टीम आली होती. मी सकाळी सातला उठले, तळघराची किल्ली घेतली, आणि नेहमीसारखं साठ माणसांचं केलं. खिम्याचे सँडविच, मक्याचं बेक, बटाट्याचं सॅलड, आणि आईची ती गाजर घातलेली नारिंगी जेली. आमच्या चौघीजणी मदतीला. साडेचारला टेबलं मांडून, ॲप्रन बांधून ओळीत उभ्या राहिलो. पाच वाजले. सव्वापाच झाले. बस काही येईना.

शेवटी लेलंड जिन्यावरून डोकावला. "व्हर्ना, टूसॉन इथून दीड हजार मैल आहे. कसली बस?"

खरं सांगते, मी आयुष्यात एवढी शरमले नव्हते. कुणाच्याच डोक्यात आलं नाही गं! पाहुणी टीम म्हणजे पाहुणे येणार, एवढंच आम्हाला ठाऊक. पाचजणी एकमेकींकडे बघत राहिलो आणि मग जे हसायला लागलो ते बाकांवर बसूनच घ्यावं लागलं.

लेलंडने मग स्टेडियमवर जाऊन टूसॉनचं जॅकेट घातलेलं एक जोडपं धरून आणलं. इकडे नातवाला भेटायला आले होते बिचारे. त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी गुन्हा झालाय. आम्ही दोघांना साठ जणांचं वाढलं. तो गृहस्थ तिसऱ्या सँडविचला म्हणाला, "तुम्ही हे प्रत्येक टीमला करता?" मी म्हटलं, "नाही हो, फक्त ज्यांचा राग येतो त्यांना." बाई फार भली होती. निघताना माझा हात धरून म्हणाली, आमच्याकडे शेजारीसुद्धा एवढं करत नाहीत.

आणि मग मॅचमध्ये मला त्यांच्यावर ओरडताच येईना. ते दोघे समोरच्या बाजूला बसले होते, मला हात करत होते. आमचे सतरा गुणांनी हरले. स्टेडियम अर्धं रिकामं होतं.

उरलेलं सगळं अनाथाश्रमात दिलं. तू असतीस तर मला आठवडाभर चिडवलं असतंस. तेवढ्यासाठी तरी तू हवी होतीस.

व्हर्ना


डेव्हनपोर्ट, १५ जानेवारी १९८९

नीव्हा,

काल तुमची बस आली. रस्त्यावर बर्फ होता तरी आली. एकोणीस जण उतरले. मी दारात उभी राहून एकेक टोपी मोजत होते. शेवटी ड्रायव्हर उतरला आणि त्याने दार लावलं.

तुझ्या जागेवर दुसरंच कुणीतरी आलं होतं. उंच, वाकलेला, करड्या कोटातला म्हातारा. मी वाढत होते. त्याने ताट पुढे केलं आणि म्हणाला, "मी हार्लन प्रूइट. नीव्हाबाईंनी त्यांचं तिकीट मला दिलं. म्हणाल्या, डेव्हनपोर्टला एकदा जेवून या."

नावावरून मला काहीच उमगलं नाही. मी विचारलं, "कूपर्सचे जुने चाहते का?"

"चाहता कसला, मी तिथे कामाला होतो. स्टेडियमच्या टेलिफोनवर. बावीस वर्षं."

माझ्या हातातून चमचा सॅलडात पडला. तो उचलून द्यायला तोच वाकला.

नंतर तो माझ्याच शेजारी येऊन बसला. मला उठताही येईना. जेवता जेवता म्हणाला, "तुमच्या आईचं मला फार वाईट वाटतं, बाई. मी तुमच्या बहिणीला तेव्हाच सांगितलं होतं, असा फोन आलाच नाही म्हणून. पण मग तुमचं तक्रारीचं पत्र आलं. साहेबांनी मला गाड्या लावायच्या आवारात नेमलं. त्यांचंही चुकलं नाही, मरणाचा निरोप म्हणजे काही पॉपकॉर्नची ऑर्डर नव्हे."

मी त्याच्यापुढे जेलीचं भांडं सरकवलं.

तो म्हणाला, "मी पुष्कळ आठवून बघितलं. तुम्ही कशाला खोटं लिहाल? फोन आला असणार. दोनदा आला असणार, आणि मीच विसरलो. तेव्हापासून मी डोक्यावर विश्वास टाकत नाही. गाडी चालवणं सोडलं. नातवंडांना घेऊन कुठे जात नाही, वाटेत कुणाला विसरलो तर?" आणि मग, नीव्हा, तो मला म्हणाला, "मला माफ करा."

जेली आवडली त्याला. दोनदा घेतली.

मॅच कोण जिंकलं ते मला आज सकाळी लेलंडला विचारावं लागलं.

हे पत्र इथेच थांबवते.

व्हर्ना


डेव्हनपोर्ट, १७ जानेवारी १९८९

नीव्हा,

मी फोन केला नव्हता.

दोनदा नाही, एकदाही नाही. आता हे लिहून झालंय, आता पुढचं लिहिता येईल.

त्या रविवारी सकाळी दहाला डॉक्टर येऊन गेले. दारात मला म्हणाले, "ज्यांना बोलवायचंय त्यांना आजच बोलवा." तू अकराला चर्चमधून घरी येतेस हे मला माहीत होतं. अकराला मी आईची चादर बदलत होते. मग म्हटलं, जरा तिचा डोळा लागू दे, मग करते. बारा वाजले, तू निघून गेलीस. इथपर्यंतचं मी स्वतःला समजावू शकते.

एक वाजता मॅच होती. आठवतंय ना, प्लेऑफमधली आपली सातवी आणि शेवटची, जो जिंकेल तो पुढे. लेलंड कामासाठी डेस मॉइन्सला गेला होता. मी टीव्ही लावला आणि आईच्या खोलीचं दार उघडं ठेवलं. पहिल्या क्वार्टरला तुम्ही सहाने पुढे. दुसऱ्यात आम्ही बरोबरी केली आणि परत घालवली, मध्यांतराला तुम्ही नऊने पुढे. तेव्हा मी स्टेडियमचा नंबर काढून ठेवला होता. शपथेवर सांगते, वहीचं पान उघडून फोनखाली ठेवलं होतं. तिसऱ्यात तुम्ही चौदाने पुढे गेलात. मी म्हटलं, आता गेलीच ही मॅच, करू या फोन. उठले. तेवढ्यात आमच्या गेन्सने लांबून एक टाकला, लगेच दुसरा, तुमच्याकडून बॉल हिसकावला आणि तिसरा. मी परत खाली बसले.

तुला आपल्या घरातला नियम माहीत आहे. आपली टीम मागून वर यायला लागली की जागचं हलायचं नाही. हललं की लय मोडते. आपण लहान असताना तुला लघवीला लागली होती तरी आईने उठू दिलं नव्हतं. मी हलले नाही. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर होता, बारा पावलांवर. चौथ्यात आठाने मागे, पाचाने, तीनाने. आतून आईने एकदा विचारलं, "नीव्हा आली का?" मी खुर्चीतूनच म्हटलं, "येतेय." शेवटची नऊ सेकंद उरली होती तेव्हा तुम्ही एकाने पुढे होतात. गेन्सने कोपऱ्यातून टाकला. एकशे अकरा, एकशे दहा. मी दिवाणखान्यात एकटीने उड्या मारल्या. मग आईला सांगायला आत गेले.

केव्हा गेली ते मला माहीत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, लेलंडलाही नाही. त्याला मी म्हटलं होतं, तिचा हात माझ्या हातात होता.

दफनाच्या दिवशी तू विचारलंस तेव्हा 'दोनदा' तोंडातून आपोआप निघालं. मग तुझी खात्री पटावी म्हणून स्टेडियमला ते पत्र लिहिलं. तिथे एक माणूस बसत असेल, त्याला बायको असेल, नातवंडं असतील, असं माझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, टेलिफोनवरचं कुणीतरी.

लीगने आम्हाला पश्चिमेत टाकलं तेव्हा मी एवढी का चवताळले ते आता कळतंय. वर्षातून सहादा तुझ्यासमोर उभी राहायचे, तीनदा ताट धरून, तीनदा चमचा धरून, आणि दर वेळी ठरवायचे, आज सांगायचं. नाही जमलं तर पुढच्या मॅचला. पुढची मॅच नेहमी असायचीच. आता एकच उरलीय, तीही होईल की नाही कोण जाणे. अकरा मार्चच्या बसला फक्त आठ नावं आलीत, क्लब ती रद्द करायला निघालाय.

हार्लनला मी स्वतः सांगायला हवं, पण त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र त्याला दाखव. स्टेडियमलाही वेगळं लिहिलंय, खरं काय ते. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर मी समजेन.

व्हर्ना


पिओरिया, २६ जानेवारी १९८९

व्हर्ना,

हार्लनला मीच पाठवलं होतं. खात्री नव्हती मला, पण तुला मी ओळखते. खोटं बोलताना तू नेहमी आकडा सांगतेस. लहानपणी माझ्या कुकीज खायचीस आणि म्हणायचीस, 'एकच खाल्ली.' तो माणूस समोर ताट घेऊन उभा राहिला तर तुला गिळवणार नाही, असं वाटलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. जेवणाबद्दल मात्र अजून बोलतोय.

काल त्याच्या घरी जाऊन तुझं पत्र वाचून दाखवलं. त्याच्याबद्दलचा भाग त्याने पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं, आता शिव्या घालेल, आणि घातल्या असत्या तर मी थांबवलं नसतं. तो उठला आणि आत बायकोला हाक मारली. ती ठार बहिरी आहे. तीनदा ओरडून सांगावं लागलं त्याला, "मी विसरलो नव्हतो! अगं, मी विसरलो नव्हतो!" शेजारी बाहेर आले.

मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा रडत होता. तुझ्यावर रागावलाय का, म्हणून विचारलं. म्हणाला, "उद्या रागावेन. आज वेळ नाही." संध्याकाळी मुलाला फोन करून नातवंडांना बोलावून घेतलंय त्याने.

मी मात्र रागावले आहे. माफ केलं असं समजू नकोस. जवळजवळ दहा वर्षं मी इथे त्याच्याशीही धड बोलले नाही आणि तुझ्याशीही नाही. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, कोण ते कळेना.

आणि आता माझंही ऐक, कारण हे मीही कुणाला सांगितलेलं नाही. आदल्या दिवशी, शनिवारी, मी फोन केला तेव्हा तू म्हणाली होतीस, आईला जरा ताप आहे. 'जरा' म्हणताना तुझा आवाज मला आवडला नव्हता. मग रविवारी मध्यांतरात मी स्टेडियमच्या सार्वजनिक फोनपाशी गेले होते. पुढे सहा माणसं होती. माझी पाळी येईपर्यंत तिसरा क्वार्टर सुरू झाला असता. म्हटलं, मॅच संपल्यावर करू. आम्ही चौदाने पुढे गेलो तेव्हा मी माझ्या जागेवर होते, आणि मीही हलले नाही. तुझ्यावर एवढं चिडण्यात थोडं तेही होतं.

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्यात चारही क्वार्टर आहेत. कोण केव्हा कितीने पुढे, कुणी कोपऱ्यातून टाकला, किती सेकंद उरली होती. आईच्या वाट्याला तीन-चार ओळी आल्यात.

अकरा मार्चची वाट बघू नकोस, बस असो वा नसो. त्या दिवशी तळघरात पन्नास लोक असतील आणि आपण पुन्हा सॅलडबद्दल बोलू. पुढच्या शनिवारी ये. त्या दिवशी ना तुमची मॅच आहे ना आमची, मी दोन्ही वेळापत्रकं बघितली. लेलंडला गाडी चालवू दे, रस्ता अजून निसरडा आहे. माझ्या स्वयंपाकघरात बस, आणि त्या दिवसाचं सगळं सांग. सकाळी आईने काय खाल्लं, कोणता गाऊन घातला होता, केस कुणी विंचरले, माझं नाव घेतलं तेव्हा आवाज कसा होता. आठवेल तेवढं सांग, आणि जे आठवणार नाही ते आठवत नाही म्हणून सांग.

स्कोअर मला पाठ आहे.

नीव्हा